पोटखराबा : सातबाऱ्यात न मावलेली मेहनत

पडीक रान वहितीखाली आणणाऱ्या कुटुंबाचा इतिहास लिहायचाय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "साधनं कुठायत?" साधनं आहेत. पण ती काय सांगतात आणि काय गाळतात, हे आधी बघायला हवं. उदाहरण घरचंच घेतो.

फुलंब्री तालुक्यात आमचं दोन एकर रान आहे. त्यातले सुमारे 20 गुंठे सातबाऱ्यावर 'पोटखराबा, वर्ग अ' आहेत, म्हणजे लागवडीला अयोग्य. प्रत्यक्षात तिथे बाजरी आणि तूर उभी असते. आजी-आजोबांनी दगड वेचले, उताराला आडवे बांध घातले, नाल्यातला गाळ बैलगाडीने आणून पसरला. रान बदललं, कागद तसाच राहिला.

हे कधी झालं? आजी म्हणाली होती, "दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या साली. तुझा बाप रांगत व्हता." वडिलांच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली, आपल्याकडे घरोघरी असते तीच! तिच्यावर काळ ठरवता येत नाही. पण आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, मिलो खाल्ल्याचं सांगायची. म्हणजे हा 1972-73 चा दुष्काळ, आणि काम साधारण 1974 चं. पुढे फेरफारात विहिरीच्या कर्जाचा बोजा दिसतो, 1976 चा. दोन्ही गोष्टी जुळतात. तरी हा आपला निष्कर्ष आहे, पुरावा नव्हे. लिहिताना हा फरक ठेवा.

याच्याही मागे जायचं तर मराठवाड्याची वाट वेगळी आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. तेव्हाचे महसुली कागद बरेचसे उर्दूत आहेत. त्यामुळे उर्दू वाचायला शिका, नाहीतर जाणकार सोबत घ्या. मग 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आणि 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक. जमीन कुणाच्या नावावर आणि कसत कोण होतं, हे ताडून बघायला खासरा फार उपयोगी पडतो.

आता पोटखराब्याकडे. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामाची जागा. ती वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. वर्ग 'अ' मधली सुधारलेली जमीन लागवडीयोग्य म्हणून नोंदवायची वाट 2018 च्या नियमबदलाने मोकळी झाली. तोवर पीककर्ज असो की नुकसानभरपाई, हे क्षेत्र हिशेबात येतच नव्हतं. म्हणजे 'पोटखराबा' या एका शब्दामागे घरातल्या माणसांचे कष्टही आहेत आणि झालेलं नुकसानही.

आणखी एक गाळलेली जागा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं. आजीचं नाव आलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. गाळाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या त्याची नोंद कोणत्याच गाव नमुन्यात नाही. ती फक्त तिच्या बोलण्यात होती.

माझ्याकडे तिचं 40 मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. बांध घालताना सोबत कोण कोण होतं, सावड होती की मजुरी, हे विचारायचं राहून गेलं. कागद आधी गोळा करू, आजी काय घरीच आहे, असं वाटलं होतं. आता विचारता येत नाही. तुम्ही क्रम उलटा ठेवा.