नाक घडवणारा हात

प्लास्टिक सर्जरीचे मूळ कुठले, असे विचारले की आपल्याकडे सुश्रुताचे नाव घेतले जाते आणि विषय तिथेच संपतो. सुश्रुताचा मान मोठा आहे, त्यात वाद नाही. पण आजच्या शस्त्रक्रियेपासून मागे मागे जाताना जी वाट स्पष्ट दिसते, ती पोथीपाशी न जाता पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरापाशी पोहोचते. ही विद्या हाताने जगवली. तिचे आजचे बरेचसे धोकेही हात कच्चा असल्यामुळेच उद्भवतात, असे माझे म्हणणे आहे.

1792 च्या सुमारास म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला आणि मग या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. शस्त्रक्रियेची ही रीत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली, मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी कापायची नाही. मग थोटकाची कड ताजी करून कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि नव्याने घेतलेल्या छेदात बसवायची. सांधा धरून ठेवायला पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ चिंध्यांचे बोळे. आणि ती भुवयांमधली पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या आसपास.

सारे कसब त्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहते म्हणून उचललेली कातडी जिवंत राहते; नव्या जागी ती धरली आणि तिथून रक्त मिळू लागले की पट्टीचे काम संपते. घाई केली तर नाक काळे पडून गळते. इटलीत तालियाकोत्सी या सर्जनने 1597 मध्ये दंडाच्या कातडीने नाक करण्याची पद्धत ग्रंथात मांडली होती, पण तिच्यात रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याला बांधून ठेवावा लागे आणि युरोपात ती पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली. पुण्याच्या शस्त्रक्रियेचे ते वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने प्रेतांवर सराव केला, 1814 मध्ये लंडनला पहिली शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक काढले. तिथून ती रीत युरोपभर गेली. कावसजीचे चित्र काढले ते पेशव्यांच्या दरबारात चित्रे रंगवणाऱ्या जेम्स वेल्सने. ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या वृत्तान्तात रोग्याचे नाव आले, पाहणाऱ्या साहेबांची आली. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र कोणी टिपले नाही. ही उणीव मला फार सलते.

यावर कोणी म्हणेल, त्या कारागिराची विद्या सुश्रुताचीच असणार. असेलही; पण सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी वापरायला सांगितले आहे, कपाळाचा उल्लेख त्यात नाही. गालावरून कपाळावर कोणी, केव्हा नेले हे कुठल्या पोथीत नाही. ते करून पाहणाऱ्यांनीच शोधले असणार. शिवाय खुद्द सुश्रुताने शिष्यांना कोहळा, भोपळा, काकडी यांच्यावर छेद घेण्याचा सराव सांगितला आहे. पोथी पाठ करून शस्त्र धरता येत नाही, हे त्यालाही मान्य होते. त्या कारागिराचे मोठेपण मान्य केल्याने सुश्रुताचे काहीच कमी होत नाही. कारागिराला देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. तेव्हा भूल नव्हती, वेदना भयंकर असणार आणि ‘बहुधा यश येते’ असे लिहिणाऱ्यांनी फसलेली नाके मोजलेली नव्हती.

दुसरा आक्षेप असा की, कापलेले नाक परत देणे हे उपचार आणि चांगले नाक सरळ करणे हे चोचले. दोन्हींचे कूळ एक कसे? पण कावसजीचा श्वास अडला नव्हता. नाक कापण्याची शिक्षा असते ती माणसाने चारचौघांत तोंड दाखवू नये म्हणून, आणि त्यालाही तोंड दाखवायचेच होते. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया कुष्ठरोग्यांची बसकी नाके उभी करत होते तेव्हाही प्रश्न चारचौघांत बसण्याचाच होता. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात 1958 मध्ये डॉ. सी. बाळकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. भाजलेले हात, दुभंगलेले ओठ, अपघातात फाटलेले चेहरे आणि सौंदर्यासाठी केलेले बदल, सगळे याच विद्येच्या घरातले. फरक आहे तो पणाला काय लागते त्याचा. नाक गेलेला माणूस कपाळावरचा व्रण आनंदाने पत्करतो. धडधाकट चेहऱ्याच्या माणसाकडे गमावण्यासारखे बरेच असते.

आणि गमावण्याची वाट नेमकी त्याच भुवयांमधून जाते. तिथल्या आठ्या भरून काढायला आज फिलर टोचतात. ज्या रक्तवाहिनीने कावसजीचे नाक जगवले, ती डोळ्याच्या रक्तवाहिनीची शाखा आहे. सुई तिच्यात शिरली तर फिलर उलटा मागे सरकून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकतो. तसे झाल्यास काही मिनिटांत सावरावे लागते आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही. चरबी काढताना ती रक्तात शिरून फुप्फुसात अडकू शकते, रोपणाभोवती कठीण कवच धरते, जंतुसंसर्ग होतो, भुलेची स्वतःची जोखीम असते. हे निष्णात सर्जनच्या हातूनही घडते. पण रक्तवाहिनी कुठे, किती खोल आहे हे त्याला ठाऊक असते आणि घडताच ओळखून त्याचे हात चालतात. ब्युटी पार्लरमध्ये आठवड्याभराचा कोर्स करून सुई धरणाऱ्याजवळ यातले काहीच नसते. म्हणून क्लिनिकच्या भिंतीवरचे आधीचे-नंतरचे फोटो पाहण्यापूर्वी सुई धरणाऱ्याची पदवी कोणती, मेडिकल कौन्सिलकडे नोंद आहे का, बिघडले तर फिलर विरघळवणारे औषध खोलीत आहे का आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे विचारायला कुणी संकोचू नये.