सांख्यिकीचे प्रारंभिक शिक्षण : वऱ्हाड व वाशिम जिल्हा

महाविद्यालयीन शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यावर शिकविल्या जाणाऱ्या सांख्यिकी (संख्याशास्त्र) या विषयात सामान्यतः तीन गोष्टींचा समावेश होतो : माहिती गोळा करून तिची कोष्टके मांडणे, माध्य, मध्यका, प्रमाण विचलन यांसारख्या मापांनी तिचा सारांश काढणे, आणि थोड्या नमुन्यावरून संपूर्ण समष्टीविषयी अनुमान करून त्या अनुमानातील संभाव्य चूक अजमावणे. वऱ्हाडच्या दृष्टीने या विषयाचा इतिहास काहीसा वेगळा आहे. येथील माणसे, जमीन व पिके यांची पद्धतशीर मोजणी एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली; परंतु ते आकडे कसे तयार होतात व त्यांवर कितपत विसंबावे, हे शिकण्याची सोय येथील विद्यार्थ्यांना पुष्कळच उशिरा उपलब्ध झाली. मोजले जाणारे आणि मोजणीचा अर्थ लावणारे यांच्यातील हे अंतर कमी करणे, हे सांख्यिकीच्या प्रारंभिक शिक्षणाचे या प्रदेशातील खरे कार्य होय.

मोजणीचा आरंभ : १८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला मोठी मागणी आली आणि जमीन, पीक व लोकसंख्या यांची निश्चित माहिती असण्याची निकड शासनास भासू लागली. नोव्हेंबर १८६७ मध्ये वऱ्हाडची पहिली जनगणना करण्यात आली. तीत प्रांताची लोकसंख्या २२,३१,५६५ भरली. संपूर्ण हिंदुस्थानची एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १८८१ ची असल्याने वऱ्हाडची ही गणना तीपूर्वी चौदा वर्षे झाली, हे उल्लेखनीय आहे. ॲल्फ्रेड लायल यांनी संपादिलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरमध्ये (१८७०) प्रांताविषयीची अशी माहिती प्रथमच एकत्र ग्रथित झाली.

तत्कालीन वाशिम जिल्ह्यात वाशिम, मंगरूळ व पुसद हे तालुके होते. या जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ३,९८,१८१ होती. १९०१ मध्ये ती ३,५३,४१० झाली. म्हणजे दहा वर्षांत ४४,७७१ माणसे, सु. ११ टक्के, कमी झाली. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांचा हा परिणाम होता. याच दशकात समग्र वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ वरून २७,५४,०१६ वर आली. ही घट सु. ५ टक्के होती. प्रांताचा एकच आकडा पाहणाऱ्यास वाशिमवर कोसळलेल्या संकटाची तीव्रता कळत नाही, कारण एकूण आकड्यात कमी पीडित व अधिक पीडित भाग एकमेकांत मिसळून जातात. शिवाय ही घट म्हणजे मृतांची संख्या नव्हे. मृत्यू वाढले, जन्म घटले आणि काही कुटुंबे पोटासाठी परमुलखात गेली, या तिहींची ती गोळाबेरीज आहे. एका आकड्यामागील असे घटक वेगळे करून पाहणे, हा सांख्यिकीच्या अभ्यासातील पहिला धडा समजला जातो.

दुसरा धडा सीमांविषयीचा आहे. १९०५ मध्ये वाशिम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विभागले गेले. पुसद यवतमाळकडे गेला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांचा नवा वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ २,९४९ चौ. मैल (सु. ७,६४० चौ. किमी.) होते, नव्याचे सु. ४,९०० चौ. किमी. आहे. २०११ च्या जनगणनेतील ११,९७,१६० हा आकडा १९०१ च्या आकड्याशेजारी ठेवून वाढीचे प्रमाण काढणे त्यामुळे सदोष ठरते. नाव एकच असले, तरी मोजलेली वस्तू एक नाही.

आणेवारी व पीक-कापणी : पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज करण्याची जुनी रीत आणेवारीची होती. गावचा पटवारी व महसुली अधिकारी उभे पीक पाहून ते सोळा आण्यांपैकी किती आणे आहे, हे ठरवीत. प्रमाणभूत उत्पन्न, पेरलेले क्षेत्र आणि आणेवारी यांच्या गुणाकारातून जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आकडा निघे. या पद्धतीत नजर अनुभवी असली, तरी तिच्या चुकीचे मोजमाप करण्यास कोणताच मार्ग नव्हता. दशमान नाणेपद्धतीनंतर आण्यांची जागा पैशांनी घेतली. ‘नजरअंदाज पैसेवारी’ ही संज्ञा महसूल खात्यात रूढ आहे आणि पन्नास पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानण्याचा प्रघात विदर्भातील शेतकऱ्यांस चांगला परिचित आहे.

या पद्धतीला शास्त्रीय पर्याय देण्याच्या कामी दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा वाटा महत्त्वाचा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधन करून १९३६ मध्ये पीएच.डी. मिळविली व पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत सांख्यिकीचे कार्य उभारले. विनायक गोविंद पानसे हे इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसावर संशोधन करीत होते. या दोघांनी पुरस्कारिलेल्या पद्धतीत तालुक्यातील काही गावे, त्या गावांतील काही शेते आणि त्या शेतांतील ठराविक मापाचा एक तुकडा यांची निवड यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने केली जाते. तेवढ्याच तुकड्यातील पीक कापून त्याचे वजन करतात. निवड माणसाच्या मर्जीवर नसल्याने येणारी चूक किती असू शकेल, हे गणिताने सांगता येते. दोघांनी मिळून लिहिलेला कृषी कार्यकर्त्यांसाठीच्या सांख्यिकीय पद्धतींवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला व कृषी महाविद्यालयांतून दीर्घकाळ वापरात राहिला.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रारंभिक पाठ्यपुस्तकांतील बरीचशी सूत्रे शेतातूनच आलेली आहेत. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९१९ पासून पिकांच्या प्रयोगांवर काम करताना प्रचरण विश्लेषण व यादृच्छिकीकरण ही तंत्रे विकसित केली आणि १९२५ च्या आपल्या ग्रंथात ती संशोधकांपुढे मांडली. शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्यास हा विषय परका वाटत असला, तरी त्याचा उगम परका नाही.

विद्यापीठांत प्रवेश : भारतात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. सांख्यिकीचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम कलकत्ता विद्यापीठात १९४१ मध्ये सुरू झाला. मुंबई विद्यापीठाचा सांख्यिकी विभाग १९४८ चा आहे. पुणे विद्यापीठात हा विषय रुजविण्याचे श्रेय कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार (१९१९–९१) यांच्याकडे जाते. केंब्रिज येथे हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले होते. त्यांना १९७४ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला.

विदर्भात नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज (नंतरचे विदर्भ महाविद्यालय) सुरू झाले. वाशिम भागातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी प्रदीर्घ काळ अमरावती, नागपूर वा अकोला येथे जावे लागे. अकोल्यास १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना सांख्यिकीचा परिचय जवळच्या गावी होऊ लागला. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ (नंतरचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) अस्तित्वात आले व वाशिम परिसरातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. सांख्यिकीची ओळख बहुतेक विद्यार्थ्यांना स्वतंत्र विषय म्हणून न होता वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा गणित यांचा एक भाग म्हणून होते.

अध्यापनाचे स्वरूप व अडचणी : अभ्यासक्रमाचा पहिला भाग वर्णनात्मक असतो व तो विद्यार्थ्यांना सोपा वाटतो. संभाव्यता आणि अनुमान यांकडे वळताच अडचणी सुरू होतात. येथे उत्तर एकच व निश्चित नसते. ‘अमुक इतक्या चुकीच्या शक्यतेसह’ ते द्यावे लागते. शालेय गणितात बरोबर व चूक एवढेच भेद पाहिलेल्या मुलास हा फरक पचविण्यास वेळ लागतो. संगणक येण्यापूर्वी प्रात्यक्षिकाचा बराच वेळ लॉगॅरिथम कोष्टके व हाताने फिरवावयाची गणकयंत्रे यांवर आकडेमोड करण्यात जाई. संगणकामुळे ते श्रम वाचले. परंतु सूत्र कोठे लागू पडत नाही, हे ओळखण्याचे काम विद्यार्थ्याकडेच राहिले आहे.

भाषेच्याही काही अडचणी आहेत. ‘प्रमाण विचलन’ या संज्ञेतील ‘प्रमाण’ म्हणजे मानक. पण विद्यार्थी त्याचा अर्थ गुणोत्तर असा करतो. ‘नमुना’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ दुकानदाराने निवडून दाखविलेली चांगली वस्तू असा आहे आणि ‘नमुनेदार’ म्हणजे तर उत्कृष्ट. सांख्यिकीतील नमुना मात्र निवडून काढलेला असताच कामा नये. ‘सार्थक’ फरक म्हणजे मोठा किंवा महत्त्वाचा फरक नव्हे, केवळ योगायोगाने पडण्यास अवघड असा फरक होय. उलट, शितावरून भाताची परीक्षा ही म्हण नमुना पाहणीचे तत्त्व नेमके सांगते. मात्र भात सर्वत्र सारखा शिजला असेल, तरच एक शीत पुरते. तळाशी करपला व वर कच्चा राहिला असेल, तर वेगवेगळ्या थरांतील शिते घ्यावी लागतात. स्तरित नमुना निवडीची कल्पना या उदाहरणावरून चांगली समजते.

जिल्ह्याच्या जीवनातील उपयोग : वाशिम जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पीक-कापणी प्रयोगांवरून महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न काढून ते उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहतात. उंबरठा उत्पन्न हे मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून निघते. सरासरी व विचलन यांतील भेद येथे किती महत्त्वाचा आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका मंडळातील पाच शेतांचे हेक्टरी उत्पन्न ८, ९, १०, ११ व १२ क्विंटल आणि दुसऱ्यातील २, ४, १०, १६ व १८ क्विंटल आहे, असे मानू. दोन्हींचे माध्य १० क्विंटलच येते. प्रमाण विचलन मात्र पहिल्यात सु. १·४, तर दुसऱ्यात सु. ६·३ क्विंटल आहे. उंबरठा उत्पन्न ९ क्विंटल असेल, तर सरासरीच्या कसोटीवर दोन्ही मंडळांत भरपाई देय होत नाही. दुसऱ्या मंडळातील दोन शेतकऱ्यांच्या पदरी मात्र जवळजवळ काहीच पडलेले नसते. अशा निर्णयात आकडेमोड बिनचूक असूनही अन्याय संभवतो. तो कमी करण्यासाठी मंडळ लहान करावे, की प्रयोग वाढवावेत, हा प्रश्न सांख्यिकीच्या भाषेतच मांडावा लागतो. प्रयोगांची संख्या चौपट केल्यास प्रमाण त्रुटी निम्मी होते, म्हणजे अचूकतेलाही खर्च पडतो, हेही तेथेच कळते.

व्याख्येचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००६ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या विदर्भाच्या विशेष मदत योजनेतील सहा जिल्ह्यांत वाशिमचा समावेश होता. शेतकरी आत्महत्यांची प्रकरणे शासकीय मदतीच्या दृष्टीने पात्र व अपात्र अशी वेगळी नोंदविली जातात. यांपैकी कोणती संख्या विचारात घेतली जाते, यावर दुःखाचे दिसणारे आकारमान अवलंबून राहते. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमची निवड केली व आरोग्य, शिक्षण, शेती इ. क्षेत्रांतील ४९ निर्देशकांच्या आधारे अशा जिल्ह्यांची क्रमवारी लावण्यात येऊ लागली. निर्देशकांना दिलेले भार बदलल्यास क्रमही बदलू शकतो, हे प्राथमिक सांख्यिकी शिकलेल्या विद्यार्थ्यास पडताळून पाहता येते.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर करण्यात आला. वऱ्हाडच्या पहिल्या गणनेनंतर तोवर एकशे साठ वर्षे होत आलेली असतील. १८६७ मध्ये मोजणीचा अर्थ लावणारे अधिकारी बाहेरून आलेले होते. आता गावातील शिक्षक, कृषी सहायक, ग्रामपंचायत सदस्य व विमाधारक शेतकरी या सर्वांना आकड्यांशी रोजचा व्यवहार करावा लागतो. मंडळाची सरासरी जाहीर झाली असता ती किती शेतांवरून काढली, ती शेते कशी निवडली आणि तीत चूक किती असू शकेल, हे तीन प्रश्न त्यांपैकी एखाद्याने विचारावेत, एवढी तयारी सांख्यिकीच्या एका वर्षाच्या अभ्यासाने होऊ शकते.