वस्तरा आणि केसाचे मूळ



आपल्या ठाणे-कल्याणच्या मुलखातली एक जुनी समजूत आज तपासून पाहायची आहे. केस विरळ होऊ लागले, फणीत पुंजके येऊ लागले, की घरातले वडीलधारे माणूस सांगते, "एकदा चकोट करून टाक. नवे केस दाट येतील." तान्ह्या मुलाचे जावळ काढतानाही हेच बोलणे कानावर येते. डोंबिवलीच्या चाळीत हे सांगतात, मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरही सांगतात. पण खरे काय? डोके भादरल्याने विरळ झालेले केस पुन्हा दाट येतात काय?

उत्तर आधीच सांगून टाकतो. येत नाहीत. पण नुसते 'नाही' म्हटल्याने समजूत जात नसते. ती कशी रुजली आणि तिच्याविरुद्धचा पुरावा आपल्याच इतिहासात कसा पडून आहे, ते पाहू या.

गावगाड्यातला न्हावी तुम्हांला ठाऊकच आहे. बारा बलुतेदारांतला तो एक. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी. जावळ, मुंज, सुतक, कोणताही प्रसंग असो, त्याच्यावाचून अडायचे. सुगीला खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले. त्या काळी पुष्कळ पुरुष आजच्यासारखे डोकेभर केस राखत नसत. कपाळाकडचा भाग आणि कडा भादरायच्या व मागे शेंडी किंवा घेरा ठेवायचा, अशी रीत होती.

आता ह्या रीतीकडे जरा डोळसपणे पाहा. एकाच डोक्यावर दोन शेते. पुढच्या शेतावरून आयुष्यभर वस्तरा फिरतो, मागच्या शेंडीला तो कधी लागत नाही. वस्तऱ्याने केस दाट होत असते, तर शेंडी राखणाऱ्या पिढ्यांत टकला माणूस औषधालाही सापडला नसता. पण टक्कल तेव्हाही पडतच होते, आणि पुष्कळदा कपाळाकडूनच, म्हणजे जिथे वस्तरा सर्वांत जास्त फिरला तिथूनच पडत होते! पुरावा रोज डोळ्यांसमोर होता. कुणी तो त्या नजरेने पाहिला नाही, इतकेच.

दुसरा पुरावा मात्र कडू आहे. नवरा वारला की ब्राह्मण आणि काही इतर उच्चवर्णीय घरांत विधवेचे केशवपन करीत. कित्येकदा ती विधवा म्हणजे अजाण पोर असे. केस एकदाच काढून भागत नसे. ते पुन्हा येत, आणि ते येत म्हणूनच न्हाव्याला पुन्हा पुन्हा बोलवावे लागे. आजाऱ्याला किंवा तान्ह्या मुलाला ज्या वस्तऱ्याने केस दाट येतील अशी आशा दाखवायची, तोच वस्तरा विधवेला विद्रूप करण्यासाठी चालवायचा. हत्यार एकच, आणि त्याला चिकटवलेले अर्थ दोन. केसाच्या मुळाला ह्यांतला एकही अर्थ कळत नव्हता.

ह्या कामाला संघटितपणे 'नाही' कोण म्हणाले? ज्यांच्या हाती वस्तरा होता, ते नाभिकच! त्यांना एकत्र आणणारा पुढारी आपल्या ठाण्यात जन्मलेला होता. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचा जन्म 1848 सालचा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. 1880 साली त्यांनी 'दीनबंधू' पत्र हाती घेतले, 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली. 1890 सालच्या जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली, ती त्यांच्याच खटपटीने. त्याच 1890 साली मुंबईत शेकडो नाभिक जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. ह्या सभेची बातमी विलायतेच्या वर्तमानपत्रापर्यंत पोहोचली.

शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. आगरकरांनी 'सुधारक' पत्रातून केशवपनावर घणाघात केले, ते आपण शिकवतो. पण ज्याचे पोट त्या वस्तऱ्यावर चालते, त्याने मजुरीवर पाणी सोडून हात आखडता घ्यावा, ह्याची थोरवी वेगळीच आहे.

पुढे काय झाले? पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. महर्षी कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले ह्या कोकणातल्या देवरुखच्या. वैधव्य आल्यावर त्यांचे वपन झाले, आणि ते अनेक वर्षे चालू राहिले. पुढे त्यांनी निश्चयाने ते सोडले व केस वाढवले. ही हकीकत त्यांनी आपल्या आत्मवृत्तात स्वतः सांगितली आहे. म्हणजे इतक्या वर्षांच्या वपनानेही केसांचे मूळ मेले नव्हते. वस्तरा थांबताच केस वाढले.

असे का होते, ते आता समजून घेऊ. केसाचा जिवंत भाग कातडीच्या आत असतो. तिथे एक बारीकशी पिशवी असते आणि तिच्या तळाशी केस घडत असतो. कातडीबाहेर जो दिसतो तो निर्जीव धागा. म्हणून तर केस कापताना दुखत नाही. वस्तरा बाहेरचा धागा कापतो. आत काय चालले आहे ते त्याला कळत नाही, आणि बाहेर काय झाले ते मुळाला कळत नाही.

"पण गवत कापले की फुटवे येतातच ना?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. ही समजूत बहुधा शेतातूनच डोक्यावर आली असावी. गवताचा वाढणारा कोंब बुडाशी जिवंत असतो, त्याला बाजूने फुटवे येतात. केसाला फुटवा येत नाही. केसाच्या पिशव्या माणूस जन्माला येतो तेव्हाच ठरलेल्या असतात. हजामतीने त्यांत एकाचीही भर पडत नाही.

मग भादरल्यावर केस राठ का लागतात? ह्याचे उत्तरही शेतातच आहे. भात कापल्यावर उरलेले धसकट अनवाणी पायाला टोचते. म्हणून भाताची काडी जाड झाली, असे आपण म्हणत नाही. उभी काडी लवते, आखूड धसकट ताठ राहते, एवढेच. केसाचेही तसेच. न कापलेला केस टोकाशी निमुळता असतो. वस्तऱ्याने कापलेला केस बोथट टोकाने वर येतो, म्हणून हाताला राठ लागतो आणि डोळ्याला दाट भासतो.

शास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिले आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरी मिल्ड्रेड ट्रॉटर ह्या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी चार पुरुषांच्या दाढीचे केस तपासून 1928 साली निष्कर्ष छापला. दाढी केल्याने केसाची जाडीही वाढली नाही, वाढीचा वेगही वाढला नाही. पुढे 1970 साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच पुरुषांच्या एका पायावर काही महिने दर आठवड्याला वस्तरा फिरवला, दुसरा पाय तसाच ठेवला. दोन्ही पायांच्या केसांत फरक आढळला नाही. हे प्रयोग दाढीवरचे आणि पायावरचे खरे, पण केस कातडीच्या आत घडतो, ही गोष्ट डोक्यावरही तीच आहे.

तरी समजूत टिकते, कारण काही वेळा ती खरी ठरल्यासारखी वाटते. बाळाचे जन्मजात मऊ केस पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळतात आणि त्यांच्या जागी पुढे भरदार केस येतात. जावळ काढा वा न काढा. विषमज्वरासारखा मोठा ताप आला, किंवा बाळंतपण झाले, की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. मुळे शाबूत असल्यामुळे पुढे काही महिन्यांत ते आपोआप भरून येतात. मधल्या काळात कुणी डोके भादरले असेल, तर श्रेय वस्तऱ्याला मिळते!

पुरुषांचे नेहमीचे टक्कल मात्र निराळे. त्यात आनुवंशिकता असते आणि पुरुषी अंतःस्रावाचा हात असतो. हा दुसरा भाग जेम्स हॅमिल्टन ह्या अमेरिकन संशोधकाने 1942 साली दाखवून दिला. ह्यात केसाची पिशवीच हळूहळू लहान होत जाते. तिला वस्तरा कसा मोठी करणार? ह्यावर आज औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. टक्कल पडणे हा काही गुन्हा नव्हे. कुणाला तुळतुळीत डोके आवडत असेल तर त्याने खुशाल ठेवावे. फक्त दाट केसांच्या आशेने ठेवू नये.

काही खुणा दिसल्या, तर न्हाव्याकडे न जाता दवाखान्यात जावे. रुपयाएवढी चाई पडली, खवले धरले, खाज सुटली, किंवा घरातल्या अनेकांचे केस एकदम गळू लागले, तर दिवस घालवू नयेत. 2025 सालच्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. कारण शोधायला रक्त, पाणी आणि धान्य तपासावे लागले. कुठल्या वस्तऱ्याने ते कारण सापडले नसते. आणि हजामतीला बसाल तेव्हा नवे पाते मागून घ्या. एकाच पात्याने रक्तातून पसरणारी कावीळ एकाची दुसऱ्याला होऊ शकते.

शिक्षकांना एक सोपा प्रयोग सुचवतो. स्वतःच्या हातावर अंगठ्याएवढी जागा काळजीपूर्वक भादरा. दुसऱ्या हातावरची तशीच जागा सोडून द्या. तीन-चार महिने दर आठवड्याला वर्गात दोन्ही दाखवा आणि मुलांना वहीत नोंद करू द्या. निष्कर्ष मुलांनाच काढू द्या.

कारण प्रश्न केवळ केसांचा नाही. "सगळे म्हणतात" आणि "आम्ही पाहिले" ह्यांत अंतर आहे. वस्तऱ्याच्या अंगी नसलेले गुण आपल्या समाजाने त्याला पिढ्यान् पिढ्या चिकटवले. त्यापायी कुणाच्या पदरी फुकाची आशा पडली, कुणाच्या पदरी उभ्या जन्माचे दुःख. 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी वस्तरा खाली ठेवला, तेव्हा त्यांना केसाच्या मुळाचे शास्त्र शिकवायला कुणी गेले नव्हते. समोर बसलेल्या बाईचे दुःख त्यांना दिसले आणि त्यांनी रीतीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला. आपणही तेवढे करू या.