‘सूचना’ नावाच्या दोन याद्या

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि त्यांची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचंच नाव सेवाग्राम केलं गेलं. एका ईमेल सर्व्हरवर अनेक डोमेन नांदतात तेव्हा तिथेही नेमका हाच घोळ होतो. फरक इतकाच, की तिथे भरकटलेलं पत्र एका क्षणात हजारो घरी पोचतं.

पुढची संस्था आणि माणसं कल्पित आहेत. सर्व्हर जे जे करतो ते मात्र पत्रं पोचवणारा पोस्टफिक्स आणि याद्या चालवणारा मेलमन २.१ खरोखर करतात.

शुक्रवार, रात्री ९:००. वर्ध्यातली एक शिक्षणसंस्था. माजी विद्यार्थी संघाचं डोमेन वेगळं, मुलींच्या वसतिगृहाचं वेगळं, आणि दोन्हीकडे ‘सूचना’ नावाची मेलिंग लिस्ट. संघाच्या यादीत अडीच हजार माणसं. वसतिगृहाच्या यादीत आठ: गृहप्रमुख, डॉक्टर, समुपदेशक, बाकीच्या अधीक्षिका. आज दोन्ही याद्या नव्या सर्व्हरवर येणार आहेत. मेलमन २.१ मध्ये डोमेन वेगळं असलं तरी एका नावाची एकच यादी बसते (ही अडचण २०१५ साली आलेल्या मेलमन ३ ने दूर केली). म्हणून वसतिगृहाच्या यादीला आत ‘वसतिसूचना’ नाव द्यायचं आणि बाहेरचा जुना पत्ता व्हर्च्युअल तक्त्यातून तिकडे वळवायचा, असं ठरतं. बेत अगदी बरोबर आहे.

९:२०. बाहेरच्या यंत्रावरून थेट नव्या सर्व्हरला पाठवलेलं चाचणीचं पत्र ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून, म्हणजे ‘हे डोमेन माझं नाही’ असं सांगून, परत येतं. सर्व्हर सांभाळणारा मुलगा वसतिगृहाचं डोमेन ‘मायडेस्टिनेशन’च्या ओळीत घालतो. पत्र लगेच आत येतं.

संकट इथेच पेरलं गेलं. या ओळीतलं प्रत्येक डोमेन पोस्टफिक्स स्वतःचं घर मानतो. मग पत्र घरात कोणाला द्यायचं हे ठरवताना ‘@’च्या आधीचं नाव तेवढं बघतो, पुढचं डोमेन बघतच नाही. व्हर्च्युअल अलायस डोमेन, म्हणजे ज्याचे पत्ते तक्त्यातून दुसरीकडे वळवायचे ते डोमेन, या ओळीत कधीही लिहू नका, असं पोस्टफिक्सच्या माहितीपत्रात स्पष्ट बजावलेलं आहे.

९:४५. आता डोमेन ‘व्हर्च्युअल अलायस डोमेन्स’मध्येही लिहिलं जातं. आधीची ओळ तशीच राहते. तक्त्यात नवी नोंद होते, पण ‘पोस्टमॅप’ चालवायचं राहून जातं. पोस्टफिक्स तक्त्याची मजकूर फाईल वाचत नाही, तिच्यावरून ‘पोस्टमॅप’ने तयार केलेली डीबी फाईल वाचतो. त्या जुन्या फाईलमध्ये ही नोंद नाही.

१०:१०. चाचण्या. संघाची ‘सूचना’ चालते. वसतिगृहाच्या ‘पोस्टमास्टर’ला लिहिलेलं पत्र पोचतं. वसतिगृहाच्या ‘सूचना’ला कोणी लिहून बघत नाही. लॉगमध्ये दोन इशारे उमटलेत: हे डोमेन दोन्ही ओळींत लिहू नका, आणि डीबी फाईल मूळ फाईलपेक्षा जुनी आहे. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. यंत्राने वेळेवर, नेमकं सांगितलं होतं. सकाळपर्यंत साडेनऊ तास हातात होते.

१२:००. दोन्ही डोमेनची एमएक्स नोंद (डोमेनची पत्रं कोणत्या सर्व्हरकडे जायची ते सांगणारी) बदलून नव्या सर्व्हरकडे.

शनिवार, सकाळी ७:४०. गृहप्रमुख वसतिगृहाच्या ‘सूचना’वर लिहितात. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, तिचं नाव, खोली, चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या, आणि काही दिवस तिला रात्री एकटं ठेवू नये अशी विनंती. काळजीने लिहिलेलं, आठ जणांपुरतं पत्र.

७:४१. जुन्या डीबीत पत्ता सापडत नाही. डोमेन ‘मायडेस्टिनेशन’मध्ये आहे, म्हणून पोस्टफिक्स ‘सूचना’ हे नुसतं नाव घेऊन घरातल्या नावांची अलायस फाईल उघडतो. तिथे ‘सूचना’ म्हणजे संघाची यादी. अनोळखी माणसाचं पत्र मेलमनने अडवून ठेवलं असतं. पण गृहप्रमुख त्याच संस्थेच्या माजी विद्यार्थिनी, यादीच्या सदस्य. पत्र अडीच हजार पत्त्यांवर निघतं.

७:५५. संघाच्या यादीत उत्तर थेट यादीलाच जाईल अशी सोय केलेली आहे. ‘हे मला का आलं?’, ‘माझं नाव काढा’, ‘कृपया सर्वांना उत्तर देऊ नका’ असं जो तो सर्वांनाच लिहू लागतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत १४ नोव्हेंबर २०१६ रोजी असंच झालं. छोट्या गटासाठी केलेल्या यादीत सदोष नियमामुळे ८ लाख ४० हजार पत्ते आले, आणि अशाच उत्तरांनी सव्वा तासात सुमारे ५० कोटी मेल धावले. तिथलं मूळ पत्र निदान चाचणीचं, रिकामं होतं.

८:१०. त्या मुलीची थोरली बहीण, याच संस्थेची माजी विद्यार्थिनी, पुण्यात फोन उघडते. धाकटीने घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही.

८:३०. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन जातो. यादी बंद केली तरी रांगेतली पत्रं थांबत नाहीत. एकदम एवढा मारा आला म्हणून मोठ्या मेल कंपन्यांनी काही पत्रं ‘नंतर या’ म्हणून परतवली असतील, तर पोस्टफिक्स पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, थेट पाच दिवस. आधी पोस्टफिक्सच थांबवायचा, मग ‘पोस्टसुपर’ने अख्खी रांग रोखायची. गेलेलं पत्र परत बोलावण्याची सोय ईमेलमध्ये नाही.

८:५०. मेलमन २.१ चं संग्रहाचं पान मुद्दाम बंद केलं नाही तर जगाला खुलं असतं. पत्र तिथेही आहे, मुलीच्या नावासकट. ते पान बंद करून मूळ संग्रह फाईलमधून पत्र काढावं लागतं आणि संग्रह नव्याने बांधावा लागतो.

९:१५. ‘मायडेस्टिनेशन’मधून डोमेन निघतं. ‘पोस्टमॅप’ चालतं. मग वसतिगृहाचा पूर्ण पत्ता देऊन त्याच आज्ञेने तक्त्यालाच विचारलं जातं, की हे पत्र कुठे जाईल? उत्तर येतं: वसतिसूचना. त्याच वेळी गृहप्रमुख जिना चढून त्या मुलीच्या खोलीकडे निघाल्या आहेत, कारण दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तिला हे त्यांच्याकडूनच कळायला हवं.