कीर्तीची उधारी

कलेला आश्रय लागतो, हें मत आपल्याकडे इतकें रूढ आहे कीं त्याची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. राज्यें गेलीं तेव्हां राजाश्रय गेला. त्याच्या जागीं लोकाश्रय यावा अशी अपेक्षा होती. आणि जेथें तोहि आला नाहीं तेथें कलावंत खचला, असा सोपा इतिहास आपण सांगत आलों आहोंत. हा इतिहास खरा मानला तर एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. ज्यांना राजाहि भेटला नाहीं आणि लोकहि भेटले नाहींत, अशा माणसांनीं वर्षानुवर्षें काम केलें तें कशाच्या बळावर?

या प्रश्नाचें एक बाणेदार उत्तर संस्कृत परंपरेंत आहे. भवभूतीनें 'मालतीमाधवा'च्या आरंभीं आपल्या निंदकांना बजावलें कीं आपला खटाटोप त्यांच्यासाठीं नाहींच. आपल्या जातीचा रसिक आज नसला तरी पुढें केव्हां तरी निपजेल. हें उत्तर पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षित लेखकांना धीर देत आलें आहे. पण तें नीट तपासून पाहिलें तर त्यांत एक उणीव दिसते. पुढच्या पिढीच्या टाळीवर जगणारा माणूसहि अखेर टाळीवरच जगतो. त्यानें ती उधार ठेवलेली असते, इतकेंच. आणि जी उधारी कधीं वसूल होईल याचा भरंवसा नाहीं, तिच्यावर कोणाचेंहि दुकान वीस वर्षें चालत नाहीं. तेव्हां अशा माणसांच्या हातीं कांहीं तरी रोख भांडवल असलेंच पाहिजे. तें कोणतें, हें पाहण्यासाठीं अर्वाचीन मराठी कवितेच्या आरंभाकडे वळणें सोयीचें होईल.

कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मालगुंड येथें झाला. शिक्षण गांवोगांवीं फिरत झालें आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते मॅट्रिक झाले तेव्हां त्यांची विशी उलटून गेली होती. पुढें मुंबईंत कांहीं वर्षें किरकोळ व तात्पुरत्या नोकऱ्या. १८९६ सालीं तेथें प्लेग उद्भवल्यावर खानदेशांत शाळामास्तरकी. आणि १९०४ सालीं धारवाडच्या हायस्कुलांत मराठीच्या शिक्षकाची जागा. ७ नोव्हेंबर १९०५ रोजीं हुबळी येथें प्लेगनें त्यांचा अंत झाला. वय अवघें एकोणचाळीस. थोड्याच दिवसांत त्यांची पत्नीहि त्याच रोगानें गेली.

या आयुष्यांत त्यांच्या कवितांचें एकहि पुस्तक निघालें नाहीं. संग्रह निघाला तो मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनीं, हरि नारायण आपटे यांच्या प्रयत्नानें. ज्यांना आज आपण आधुनिक मराठी काव्याचे जनक म्हणतों, त्यांनीं आपलें नांव असलेलें पुस्तक कधीं हातांत धरलें नाहीं. त्यांचें अस्सल छायाचित्रहि उपलब्ध नाहीं.

ही उपेक्षा कोणाच्या द्वेषानें झाली असें मानण्याचें कारण नाहीं. तत्कालीन सुशिक्षिताची काव्यरुचि बव्हंशीं परशुराम तात्या गोडबोले यांच्या १८५४ सालच्या 'नवनीता'वर पोसलेली होती. मुक्तेश्वर, वामन, मोरोपंत यांच्या वेंच्यांवर ज्याचा कान तयार झाला, त्याला कविता म्हणजे देवादिकांचें व पुराणपुरुषांचें आख्यान वाटावें यांत नवल नाहीं. शाळामास्तराच्या स्वतःच्या मनांतील खळबळ हा काव्याचा विषय होऊं शकतो, ही कल्पनाच त्याला नवी होती. १८९३ सालीं लिहिलेल्या 'झपूर्झा' या कवितेचें नांव कोशांत शोधून सांपडत नाहीं. तें वाचून 'नवनीता'चा वाचक गोंधळला असेल तर दोष एकट्या त्याचा नव्हे. नवी कविता आणि तिचा वाचक एकाच दिवशीं जन्मत नाहींत. मधला काळ कवीला एकट्यानें काढावा लागतो.

तो काळ केशवसुतांनीं कसा काढला? येथें प्रथम एक प्रचलित समज दुरुस्त करणें अवश्य आहे. ते सर्वस्वीं अश्रुत होते, हें खरें नाहीं. १८८७ सालीं जळगांवास नारायण नरसिंह फडणीस यांनीं 'काव्यरत्नावली' नांवाचें मासिक सुरू केलें. निव्वळ कवितेला वाहिलेलें मासिक त्या काळीं जळगांवासारख्या गांवीं काढणें हें धाडसच होतें. हरिभाऊ आपट्यांचें 'करमणूक' १८९० सालीं निघालें. या दोन्ही पत्रांतून केशवसुतांच्या कविता प्रसिद्ध होत. रेव्हरंड टिळक, गोविंद वासुदेव कानिटकर, स्वतः हरिभाऊ, असे मोजके जाणते परिचित त्यांना होते. म्हणजे लौकिक नव्हता, पण एक दार उघडें होतें. त्या दारांतून आंत गेलेली कविता निदान कोणी तरी नीट वाचीत असे.

लौकिक आणि वाचक या दोन वस्तु आपण नेहमीं एक समजतों, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो. लौकिक म्हणजे अनेकांनीं नांव घेणें. वाचक म्हणजे एकानें ओळ न ओळ वाचणें. पहिल्यावांचून काम चालतें. दुसऱ्यावांचून चालणें फार कठीण. संपादकानें कविता स्वीकारली, छापली आणि पुढची मागितली, एवढ्या बातमीवर कवीचे चारसहा महिने निघतात. ही रक्कम लहान खरी, पण ती रोख आहे.

तरीहि एवढ्यानें सगळा उलगडा होत नाहीं. कारण छापणारे दोन संपादक त्या काळच्या इतर कित्येक पद्यकारांनाहि लाभले होते, आणि त्यांची नांवें आज कोणाला आठवत नाहींत. केशवसुतांपाशीं आणखी कांहीं होतें. त्यांच्यासमोर कामांतलेच प्रश्न उभे होते. इटलींत जन्मलेला आणि इंग्लंडांत रुजलेला चौदा ओळींचा काव्यप्रकार मराठींत कसा बसवावा, हा त्यांतला एक. १८९२ सालच्या 'मयूरासन आणि ताजमहाल' या कवितेंत त्यांनीं तो प्रथम बसवून पाहिला. मराठींतील सुनीताचा आरंभ तेथून धरतात. पुढें १९०१ सालीं फैजपुरास लिहिलेल्या 'आम्ही कोण?' या कवितेंत त्याच प्रकाराला शार्दूलविक्रीडितासारखें भारदस्त संस्कृत वृत्त देऊन त्यांनीं असें कांहीं साधलें कीं परकेपणाचा मागमूसहि राहिला नाहीं. मधल्या नऊ वर्षांत लोक त्यांना काय म्हणत होते याचा या प्रश्नाच्या उत्तराशीं संबंध नव्हता. सांधा बसला कीं नाहीं हें सुताराला गिऱ्हाईक येण्यापूर्वींच कळतें. हें कळण्यांत जो आनंद आहे त्याला दुसऱ्याची सही लागत नाहीं.

त्यांच्या पुष्कळ कवितांच्या खालीं स्थळ आणि तारीख दिलेली आढळते. 'तुतारी'खालीं मुंबई आणि २८ मार्च १८९३ अशी नोंद आहे. ही बाब क्षुल्लक दिसते. पण जगानें ज्याचा हिशेब ठेवला नाहीं त्यानें आपला हिशेब आपण ठेवला, असा तिचा अर्थ आम्हांस वाटतो. उपलब्ध कविता सुमारे १३५. लेखनाचा काळ सुमारे वीस वर्षांचा. म्हणजे वर्षाकांठीं सरासरी सातसुद्धां भरत नाहींत. मास्तरकी, बदल्या, रोगराई आणि संसार यांतून जेवढें निघालें तेवढें टिपून ठेवावें, तारीख घालावी, आणि पुढचें हातीं घ्यावें, अशी ती शिस्त होती. मोठ्या प्रतिज्ञेपेक्षां अशा लहान शिस्तीनें माणूस अधिक काळ तग धरतो.

तिसरी गोष्ट विषयाची. १८८८ सालीं त्यांनीं 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' लिहिली आणि पुढच्याच वर्षीं 'मजुरावर उपासमारीची पाळी'. ज्यांच्याविषयीं या कविता आहेत त्यांपैकीं बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ते कवीला दाद देतील हें संभवनीयच नव्हतें. आणि ज्यांना अक्षरओळख होती त्यांतल्या अनेकांना हे विषय रुचणारे नव्हते. दोन्हीकडून कांहीं मिळण्याजोगें नसतां माणूस असें लिहितो तें एखादें देणें फेडावें तसें लिहितो. देणें फेडणारा शाबासकीची वाट पाहत नाहीं. केशवसुतांच्या कवितेंतील करारीपणाचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

एवढें सांगून झाल्यावर त्यांना कधीं निराशा शिवलीच नाहीं असें चित्र रंगविणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्यांनीं 'तुतारी' लिहिली त्यांनींच मृत्यूच्या वर्षीं 'हरपलें श्रेय' लिहिली. त्या कवितेंत शोध आहे तो लौकिक यशाचा नव्हे. आपल्या हातून निसटलेल्या कांहीं अधिक मोलाच्या वस्तूचा आहे. म्हणजे अखेरच्या काळीं त्यांना जी व्यथा जाळीत होती तीहि बाहेरच्या उपेक्षेची नव्हती. ज्याचा मापदंड आंत असतो त्याचें दुःखहि आंतलेंच असतें, आणि तें कमी तीव्र नसतें. आपल्या कामाची कसोटी आपणच लावणाऱ्यानें ही किंमत आधींच हिशेबांत धरावी.

आतां याच खानदेशांतील दुसरें एक उदाहरण पाहूं. ज्या जळगांवांत 'काव्यरत्नावली' छापली जात होती, त्याच्या जवळच असोदें या गांवीं १८८० सालीं बहिणाबाई जन्मल्या आणि जळगांवच्या चौधऱ्यांच्या घरीं सून म्हणून आल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, चुलीपुढें काम करतांना त्या ओव्या रचीत आणि म्हणत. छापखाना हांकेच्या अंतरावर असून त्यांच्या दृष्टीनें तो असून नसल्यासारखा होता. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरांतील नातलग यांनीं कांहीं गाणीं टिपून ठेवलीं, म्हणून तेवढीं वाचलीं. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या आणि १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' प्रसिद्ध झालीं, तेव्हां सारा महाराष्ट्र थक्क झाला.

येथें तर संपादकाचें दारहि नव्हतें. पुढच्या पिढीचा विचार मनांत येण्याचेंहि कारण नव्हतें. तरी गाणें थांबलें नाहीं, कारण तें कामापासून वेगळें काढलेलेंच नव्हतें. जात्याचा फेरा हाच त्याचा ताल होता. आश्रयाच्या सिद्धान्ताला याहून मोठा धक्का कोणता? पण याच उदाहरणाची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. जें टिपलें गेलें नाहीं तें गेलें. आणि ज्या घरीं टिपणारा सोपानदेव नव्हता, अशा घरांतून किती ओव्या जात्याच्या पिठाबरोबर संपून गेल्या याची मोजदाद कोणीच करूं शकणार नाहीं.

म्हणून या इतिहासाचा एक निष्कर्ष काढतांना फार जपलें पाहिजे. मान्यतेवांचून काम होऊं शकतें, एवढें त्यावरून सिद्ध होतें. मान्यता न देणें निरुपद्रवी आहे, हें त्यावरून मुळींच सिद्ध होत नाहीं. खरा कलावंत उपेक्षेंतच तावून सुलाखून निघतो, असें म्हणणारे लोक बहुधा स्वतः उपेक्षा करणाऱ्यांपैकीं असतात. उपेक्षेंतून निघालेले दोघे आपल्याला दिसतात, कारण ते निघाले. जे बुडाले त्यांची साक्ष काढतां येत नाहीं. केशवसुतांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं, १९०७ सालीं, जळगांवास कविसंमेलन भरलें आणि त्यांत सोळासतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांना 'बालकवि' ही पदवी मिळाली. त्या शाबासकीनें बालकवींचें कांहीं बिघडलें नाहीं. पुढें गोविंदाग्रजांनीं केशवसुतांचें शिष्यत्व अभिमानानें मिरविलें, आणि अत्र्यांनीं 'झेंडूचीं फुलें'मध्यें 'आम्ही कोण?'चें विडंबन केलें. विडंबन त्याच कवितेचें होतें जी घरोघर पाठ असते. उधारी वसूल झाली ती अशी. मात्र ती घ्यायला मूळ धनी उरला नव्हता.

तेव्हां ज्याच्या हातीं एखादें काम आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाहीं, त्यानें केशवसुतांपासून तीन गोष्टी घ्याव्या: कामांतला प्रश्न खरा आहे ना, हें पाहावें, झालेल्या कामाखालीं तारीख घालावी, आणि सारें जग न शोधतां नीट वाचणारा एक माणूस शोधावा. पण हा उपदेश अर्धाच आहे. उरलेला अर्धा आपणां वाचकांसाठीं आहे. प्रत्येक सुशिक्षित घरांत कोणी तरी वहींत कांहीं लिहीत असतें, कोणी गळ्यावर मेहनत घेत असतें, घरांतली एखादी वडीलधारी बाई काम करतां करतां स्वतःचेंच कांहीं गुणगुणत असते. त्यांना स्तुति नको असते. ती वही एकदां शेवटपर्यंत वाचावी, तें गाणें उतरून घ्यावें, आणि कोणती ओळ जमली व कोणती नाहीं हें सरळ सांगावें. जळगांवच्या फडणिसांनीं आणि सोपानदेवांनीं केलें तें याहून निराळें नव्हतें.