रिमोटच्या मोटारींचे हेडलाइट

रेडिओवर चालणारी छोटी मोटार दुकानात विकत मिळू लागली ती १९६६च्या सुमारास. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या एल-जी कंपनीने फेरारी २५० एलएमची बाराव्या हिश्श्याची प्रतिकृती बाजारात आणली. मात्र हा छंद घरोघर पोहोचवला तो जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने. १९७६ साली तिने पोर्शे ९३४ची विजेवर चालणारी प्रतिकृती काढली. पोर्शेची घडण नेमकी कळावी म्हणून कंपनीचे प्रमुख शुनसाकू तामिया यांनी एक खरी ९११ गाडी विकत घेऊन ती सुटी करवली होती. इतक्या बारकाईने घडवलेल्या गाडीचे हेडलाइट मात्र पेटत नव्हते. ती उणीव हौशी लोकांनी घरच्या टेबलावर भरून काढली.

त्या काळी हाताशी होते ते रेल्वेच्या मॉडेलमध्ये वापरले जाणारे, गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब. ते गाडीत बसवणे सोपे, टिकवणे अवघड. रुळांवरून संथ जाणाऱ्या डब्यात वर्षानुवर्षे चालणारा बल्ब दगडगोट्यांवर आदळणाऱ्या बग्गीत फार टिकत नसे, कारण तापलेली बारीक तार हादऱ्याने तुटते. उष्णता ही दुसरी अडचण. हेडलाइटच्या बंद खोबणीत बल्ब बराच वेळ जळत राहिला की आसपासचे प्लास्टिक मऊ पडे. तिसरी अडचण विजेची. मोटर काही अँपिअर ओढत असल्याने तिच्या मुख्य बॅटरीला दोन बल्ब जड नव्हते. पण त्या पिढीच्या पुष्कळ गाड्यांत रेडिओचा संदेश घेणारा रिसीव्हर आणि चाके वळवणारा सर्व्हो यांच्यासाठी चार पेन्सिल सेलांची वेगळी पेटी असे. दिवे त्या पेटीवर जोडले की सेल लवकर उतरत, आणि सेल उतरले की गाडी हाताबाहेर जाई.

एलईडी तेव्हा अस्तित्वात होता, पण पांढरा नव्हता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला. १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा एलईडी तयार केला. त्यामुळे मागचे लाल दिवे आणि वळणाचे पिवळे दिवे एलईडीचे करता येत होते. पुढे मात्र बल्बच लावावा लागे. पांढऱ्या प्रकाशासाठी आधी निळा हवा होता, आणि तेजस्वी निळा एलईडी काही केल्या साधत नव्हता.

तो प्रश्न जपानमध्येच सुटला. इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवून दाखवले. तोकुशिमा प्रांतातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये भरपूर उजेड देणारा निळा एलईडी जाहीर केला. या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निचियाचा मूळ धंदा ट्यूबलाइटमध्ये लागणाऱ्या प्रकाशमान पावडरींचा होता, आणि नेमकी तीच विद्या इथे उपयोगी पडली. निळ्या चिपवर पिवळा उजेड देणाऱ्या पावडरीचा थर दिला की दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. असा पांढरा एलईडी १९९६ मध्ये बाजारात आला. खऱ्या मोटारींना त्यानंतरही बराच काळ थांबावे लागले: लेक्ससच्या एलएस ६००एच गाडीत एलईडीचा लो बीम २००७ मध्ये आला आणि सगळेच पुढचे दिवे एलईडीचे असलेली ऑडी आर८ पुढच्या वर्षी. छंदातल्या गाड्यांना रस्ता उजळायचा नव्हता. पाच मिलिमीटरचा एलईडीचा एक दाणा त्यांना पुरेसा होता, म्हणून त्यांनी या बाबतीत खऱ्या गाड्यांना मागे टाकले.

या दाण्याने जुन्या तिन्ही अडचणी मिटवल्या. तुटायला तार नाही, खोबणी फारशी तापत नाही आणि २० मिलिअँपिअर करंट पुरतो. एलईडीला एकच पथ्य असते: करंट आवरायला रेझिस्टर हवाच. पांढरा दाणा साधारण ३.२ व्होल्ट घेतो. रिसीव्हरच्या ६ व्होल्टवर तो लावला तर २.८ व्होल्ट उरतात, त्यांना ०.०२ ने भागले की १४० येतात, म्हणून बाजारात मिळणारा १५० ओहमचा रेझिस्टर लावायचा. रिसीव्हरचे एखादे रिकामे चॅनल असेल तर सर्व्होची जुनी वायर तिथे खुपसून लाल आणि काळ्या तारेवर दिवे चालतात. दाण्याचा लांब पाय धन बाजूचा. पाय कापले गेले असतील तर कडेची सपाट बाजू ऋण टोक दाखवते. सोल्डर केलेल्या सांध्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी लागते, नाहीतर पहिल्याच टकरीत तारा एकमेकींना चिकटतात.

खरे कसब दिसण्यात आहे. दाण्याचा झोत अरुंद असल्याने समोरून पाहिले तर मधे एक झगझगीत ठिपका आणि भोवती काळोख दिसतो. बारीक पॉलिश पेपरने दाण्याचे टोक घासून धुरकट केले की उजेड सगळ्या भिंगभर पसरतो. सुरुवातीचे पांढरे एलईडी निळसर होते. जुन्या गाडीच्या प्रतिकृतीवर ते शोभत नसत, म्हणून त्यांवर पारदर्शक पिवळा किंवा नारिंगी रंग हलकेच लावला जाई. पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात. त्या रंगामागे काळा किंवा चंदेरी थर दिला नाही तर बॉनेटसकट सगळा पुढचा भाग कंदिलासारखा उजळतो.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेआ गावात आर्डुइनो हा सर्किट बोर्ड जन्मला आणि स्वस्त मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिप, हौशी हातांत आल्या. रिसीव्हर सर्व्होला आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरला सेकंदाला साधारण ५० स्पंद पाठवतो. स्पंद १.५ मिलिसेकंदाचा असेल तर हातातल्या रिमोटचा ट्रिगर मधोमध आहे. ट्रिगर हलवला की स्पंद एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २ मिलिसेकंदांपर्यंत जातो. हीच लांबी मोजून चिप ब्रेकचे लाल दिवे लावू शकते. अडते ते एका ठिकाणी. पुष्कळ स्पीड कंट्रोलरांमध्ये ट्रिगर पुढे ढकलला की पहिल्यांदा ब्रेक लागतो, आणि तो मध्यावर आणून पुन्हा ढकलला की गाडी मागे जाते. दोन्ही वेळी स्पंद सारखाच असतो. म्हणून प्रोग्रॅमला गाडी आधी कोणत्या स्थितीत होती ते लक्षात ठेवावे लागते. तसे केले नाही तर मागे येतानाही ब्रेकचेच दिवे लागतात आणि रिव्हर्सचा पांढरा दिवा कधी पेटतच नाही.

आता तयार लाइट किट सर्रास मिळतात आणि हेडलाइटच्या खोबण्या थ्रीडी प्रिंटरवर छापून घेता येतात. पण बॉडीला भोक पाडणे, तारा चाकांपासून दूर बांधणे आणि बॉडी काढता-घालताना सुटेल असा जोड मधे ठेवणे ही कामे किट घेतले तरी हातानेच करावी लागतात.