छावणीतील भिंत आणि भूमी

खाम नदीच्या पूर्वेस शहर आणि पश्चिमेस छावणी, अशी औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, रचना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आली आहे. आणि या दोन तीरांत बोलीचे, पोशाखाचे वा देवधर्माचे जे अंतर होते त्याहून कितीतरी मोठे अंतर घर बांधण्याच्या हक्कासंबंधीचे होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वेकडचे शहर मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविले. नहरी, दरवाजे, पुरे आणि वाडे यांच्यासह ते वाढत गेले. छावणी मात्र अशी वाढली नाही. ती आखली गेली.

ती आखण्याचे कारण फौज. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दीत उभ्या राहिलेल्या पलटणींतून निजामाची जी कंटिंजंट फौज तयार झाली, तिचे अधिकारी इंग्रज आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून, असा चमत्कारिक बंदोबस्त होता. बोलारम, हिंगोली, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, आणि औरंगाबाद ही तिची ठाणी होती. पगार थकत गेला, कर्ज चढत गेले, आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्यापायी इंग्रजांकडे गेले. चार वर्षांनी, जून १८५७ मध्ये, यांपैकी औरंगाबादच्या ठाण्यातील घोडदळाने बंडाचे निशाण उभारले. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि शिक्षा झाल्या. काळा चबुतरा, ज्याला आज क्रांती चौक म्हणतात, त्याची आठवण ठेवून आहे.

ज्या मुलखात ही लष्करी आखणी झाली, तेथील खेडुताला घरासाठी सरकारी परवानगी ही कल्पनाच ठाऊक नव्हती. त्याच्या दृष्टीने भूमी दोन प्रकारची: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीत कोणाचे घर कोठे, कोणाचे आढे कोणाच्या भिंतीवर, पन्हाळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडायचे, हे वहिवाटीने ठरलेले असे. वाद झालाच तर पाटील आणि चार वडीलधारी माणसे पारावर बसून तो तोडीत. वडाराने दगड फोडायचा, सुताराने तुळया तासायच्या, आणि माळवदावर पांढरी माती चोपून बसविली की घर झाले. आषाढात माळवद गळले तर पुन्हा माती घालायची, त्यासाठी कोणाला विचारायचे? घराचा नकाशा कागदावर नसे, गवंड्याच्या डोक्यात असे. ही व्यवस्था निर्दोष होती, असे मात्र मी म्हणणार नाही. पांढरीच्या आत कोणी राहायचे आणि वेशीबाहेर कोणी, हेही त्याच वहिवाटीने ठरवून ठेवले होते, आणि त्या निर्णयावर कोठेही अपील नव्हते.

छावणीत याच्या अगदी उलट प्रकार. तेथे पहिला प्रश्न जमिनीचा. १२ सप्टेंबर १८३६ रोजी गव्हर्नर जनरलने बंगाल इलाख्यासाठी १७९ क्रमांकाचा जो हुकूम काढला, त्यात छावणीतील जमीन सरकारची राहील, एक महिन्याच्या नोटिशीने ती परत घेता येईल, आणि तेव्हा मोबदला द्यायचा तो फक्त परवानगीने उभारलेल्या इमारतीचा, अशी शर्त घातली होती. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही याच धर्तीचे नियम झाले. भिंती तुमच्या, भूमी सरकारची, हे या सगळ्याचे सार. ज्याच्या पायाखालची भूमी त्याची नाही, त्याला परवानगीचा कागद हाच सातबारा. कागद नसलेली खोली कितीही भक्कम चुन्यात बांधलेली असो, हिशेबात ती शून्य.

परवानगीच्या सक्तीचे दुसरे कारण रोगराईचे. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांच्या आरोग्याचा तपास करण्यास १८५९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १८६३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा हजारी ६९ शिपाई दरवर्षी मरतात असे आढळले, आणि त्यांतील बहुतेक लढाईत नव्हे, ताप, हगवण आणि पटकी यांनी मरत होते. लगेच पुढल्या वर्षी, १८६४ मध्ये, छावण्यांचा २२ वा कायदा झाला. मोऱ्या, विहिरी, गोठे, बाजारातील दाटी यांवर लष्कराची नजर त्यानंतर बसली ती कायमची. १९२४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यात ‘बांधणे वा पुन्हा बांधणे’ याची जी व्याख्या आहे, तिच्यात नव्या घराबरोबर जुन्या घरातील महत्त्वाचा फेरबदल येतो, एका बिऱ्हाडाची दोन बिऱ्हाडे करणे येते, आणि माणसांच्या राहत्या घराचा गोठा करणेही येते. भाऊ विभक्त झाले आणि त्यांनी मध्ये भिंत घातली, तर तो घरगुती प्रसंगसुद्धा लष्करी दफ्तराचा विषय होई. या व्याख्येमागे हजारी ६९ चा तो आकडा उभा आहे, हे लक्षात घेतले की तिचा जाच थोडा समजतो. कमी मात्र होत नाही.

त्याच कायद्यात दरखास्तीच्या मुदतीची एक कलमबंदी आहे, ती मला मोठी रसाळ वाटते. छावणीच्या कारभारी बोर्डाने महिनाभर उत्तर दिले नाही, तर अर्जदाराने रजिस्टर टपालाने त्यास आठवण द्यावी. त्यावरही पंधरा दिवस बोर्ड गप्प राहिले, तर मंजुरी मिळाली असे समजावे. मौन हे संमतीचे लक्षण, ही आपल्याकडची जुनी समजूत कायद्याने स्वीकारली खरी, परंतु टपालाची पावती जोडून! महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याने हीच सवलत दिली, तेव्हा मुदत साठ दिवसांची ठेवली.

नदीच्या पूर्वेस कागदाचा अंमल निराळ्या वाटेने आला. निजामाचा दिवाण सालारजंग याच्या जिल्हाबंदीने तालुकदार आणि तहसीलदार आले, १३१७ फसलीत जमीन महसुलाचा कायदा आला, आणि शेतजमिनीवर घर बांधणे हा इजाजतीचा प्रश्न झाला. गंमत अशी की, १८८४ च्या सुमारास संस्थानाच्या दफ्तरात फारसीची जागा उर्दूने घेतली, छावणीच्या दफ्तरात इंग्रजी होतीच, आणि घर बांधणारा माणूस बहुधा मराठीत विचार करीत होता. शहरात मिसल उर्दूत चाले, छावणीत फाइल इंग्रजीत. आपल्याच चुलीची दिशा बदलण्यासाठी त्याला अर्जनवीस गाठावा लागे. परवानगी मिळण्यास किती काळ लागला याची नोंद दफ्तरात सापडते. तो कागद वाचून घेण्यासाठी माणसाने किती उंबरे झिजविले, याची सापडत नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शहराची नगरपालिका महानगरपालिका झाली. पण छावणी केंद्र सरकारच्या संरक्षण खात्याकडेच राहिली. पुणे, पुण्याजवळची खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, कामठी आणि औरंगाबाद अशा महाराष्ट्रातील सात छावण्यांपैकी ती एक. १९२४ च्या कायद्याची जागा २००६ च्या कायद्याने घेतली, तरी बोर्डाचा अध्यक्ष पूर्वीप्रमाणे लष्करी अधिकारीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘ई-छावणी’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले, आणि तंबूंच्या मुक्कामासाठी योजलेला हा शब्द संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसला. ३० एप्रिल २०२३ ला देशभरातील सत्तावन्न छावण्यांच्या निवडणुका व्हायच्या होत्या. त्या रद्द झाल्या. त्याच महिन्यात हिमाचलातील योल ही छावणी मोडीत निघाली, आणि नागरी वस्त्या शेजारच्या नगरपालिकांकडे देण्याचे धोरण इतर छावण्यांपुढेही आले.

म्हणून छावणीतील जुन्या कुटुंबांना एक विनंती. आजोबांच्या पेटीत मंजूर नकाशाची निळी प्रत, शिक्क्याची मंजुरी वा रजिस्टर टपालाची पिवळी पडलेली पावती सापडली, तर ती रद्दीत घालू नये. हस्तांतराचा दिवस उजाडला तर घर केव्हाचे आणि कोणाच्या परवानगीचे, हे प्रथम विचारले जाईल, आणि उत्तर त्या कागदावरच असेल.